दुसऱ्या फळीतील माणसे

'रिप्लाय १९८८' या कोरियन मालिकेच्या दुसऱ्याच भागात नायिकेची आजी वारते. सोलमध्ये वाढलेली तिन्ही भावंडे जड मनाने गावी पोहोचतात आणि घरातील दृश्य पाहून गोंधळून जातात. वडील, काका, आत्या असे सगळे जण आल्यागेल्याच्या सरबराईत गुंतलेले असतात. जेवणाची पाने मांडली जात असतात, दारूचे पेले भरले जात असतात, जुनी ओळखीपाळखीची माणसे मोठमोठ्याने हसत असतात. कोरियात अंत्यविधी साधारणतः तीन दिवस चालतो आणि त्या काळात भेटायला येणाऱ्याला जेवू घालणे हे घरच्यांचे कर्तव्य असते, हे या शहरी मुलांना कोणी समजावून सांगितलेले नसते. आपल्या वडिलांना आई गेल्याचे काहीच वाटत नाही, असे त्यांना वाटते. मग अमेरिकेला गेलेला थोरला भाऊ उशिरा येऊन दारात उभा राहतो, आणि इतका वेळ हसतमुखाने पाहुण्यांचे पेले भरणारा तो मध्यमवयीन माणूस भावाच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडू लागतो. मुले दुरून पाहत राहतात. मोठी माणसे दुःख आवरून धरतात, कारण त्यांना आधी घरी आलेल्यांचे पाहावे लागते, हे त्यांना त्या क्षणी कळते.

हा रडणारा माणूस मालिकेचा नायक नाही. तो नायिकेचा बाप दोंग-इल आहे, बँकेत नोकरी करतो, मित्राच्या कर्जाला जामीन राहिल्यामुळे कर्जबाजारी झाला आहे आणि म्हणून शेजाऱ्यांच्या घराच्या अर्ध्या तळघरात कुटुंब घेऊन राहतो. वीस भागांच्या या मालिकेला पुढे ओढणारा प्रश्न वेगळाच आहे: नायिका दोक-सनचे लग्न गल्लीतील कोणत्या मुलाशी झाले? २०१५-१६ च्या हिवाळ्यात ही मालिका टीव्हीएन या केबल वाहिनीवर सुरू असताना प्रेक्षक या प्रश्नावरून दोन तटांत विभागले गेले होते, आणि शेवटी मिळालेले उत्तर अनेकांना मुळीच रुचले नाही. मला मात्र तो प्रश्नच मालिकेचा सर्वांत दुबळा भाग वाटतो. पुन्हा पाहताना मी ते प्रसंग भराभर पुढे सरकवते आणि आयांच्या गप्पांपाशी थांबते.

कोरियन मालिकांविषयी आपल्याकडे जेव्हा बोलणे निघते, तेव्हा देखण्या नायकांचा, पहिल्या बर्फात दिलेल्या कबुलीचा आणि हळुवार प्रेमाचा उल्लेख होतो. ते सगळे त्यांत आहे आणि त्याची गोडी मी नाकारत नाही. पण गेली कित्येक वर्षे या मालिका पाहत आल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, उत्तम कोरियन मालिका तिच्या दुसऱ्या फळीवर ओळखावी. आई, शेजारीण, कार्यालयातील कंत्राटी मुलगा, खानावळ चालवणारी एकटी बाई, म्हातारा घरमालक, अशी जी माणसे इतरत्र केवळ नायकाला निरोप देण्यापुरती येतात, त्यांना या मालिका पुरेसा वेळ देतात. माणसाला दिलेला वेळ हाच त्याला दिलेला मान असतो, अशी काहीशी श्रद्धा या लेखनामागे मला दिसते.

भारतात या मालिका एका वाटेने आल्या नाहीत. मणिपूरमध्ये २००० साली एका बंडखोर संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली आणि त्यानंतरच्या पोकळीत आरिरांग ही कोरियन वाहिनी घराघरांत पोहोचली. ईशान्येकडील पोरांना कोरियन नटांची नावे आपल्यापेक्षा कितीतरी आधी पाठ होती. दूरदर्शनने 'दे जांग गम' हिंदीत आणली, तेव्हा ती काही थोड्या लोकांनी पाहिली. आपल्या भागात खरी लाट आली ती २०२० च्या टाळेबंदीत, ओटीटीवरून, आधी सबटायटल्ससह आणि मग हिंदी आवाजात. म्हणून आपल्यापैकी बहुतेकांची ओळख झाली ती नव्या, झगमगीत मालिकांशी; जुन्या राहून गेल्या.

त्या राहून गेलेल्या मालिकांत 'दे जांग गम' आहे याची मला खंत वाटते, कारण दुसऱ्या फळीचा विचार करायचा तर आरंभ तिथूनच करायला हवा. जोसन राजघराण्याच्या बखरींत राजा जुंगजोंगच्या काळात, म्हणजे सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात, जांग-गम नावाच्या एका स्त्री-वैद्याचे उल्लेख येतात. हे उल्लेख अगदी मोजके आहेत: राजाच्या दुखण्यात तिने औषध दिले, तिला बक्षीस म्हणून धान्य मिळाले, अशा स्वरूपाचे. ती कोठून आली, कोणाची मुलगी होती, कशी शिकली, यांविषयी बखरकारांना काही लिहावेसे वाटले नाही. दिग्दर्शक ली ब्यंग-हून यांनी २००३ मध्ये एमबीसी वाहिनीवर या मोजक्या ओळींतून चौपन्न भागांची मालिका उभी केली, आणि तिचा पहिला मोठा भाग राजवाड्याच्या मुदपाकखान्यात ठेवला. राजा जेवतो, हे इतिहासात असते. ते जेवण रांधणाऱ्या बायकांची उतरंड, त्यांच्या परीक्षा, एकमेकींविषयीची असूया आणि माया, पाण्याची चव ओळखायला शिकवणारी हान बाई, हे सारे या मालिकेने पडद्याच्या मध्यभागी आणले. स्वयंपाकिणीच्या कामाला विद्येचा दर्जा देणारी ही मालिका इराणपासून श्रीलंकेपर्यंत घरोघर पाहिली गेली, याचे मला जराही आश्चर्य वाटत नाही.

'रिप्लाय १९८८' कडे परत येते, कारण तिच्यात शिकण्यासारखे फार आहे. उत्तर सोलच्या दोबोंग जिल्ह्यातील सांगमुन-दोंग या वस्तीत एका गल्लीला लागून पाच कुटुंबे राहतात. पहिल्याच भागात संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी एका घरातील भाजी दुसऱ्या घरी जाते, तिथून वेगळा पदार्थ परत येतो, तो घेऊन मुलगा तिसऱ्या घरी पळतो, आणि शेवटी प्रत्येक घराच्या पाटावर गल्लीतील सगळ्या चुलींचे पदार्थ हजर असतात. गिरगावातील किंवा सदाशिव पेठेतील जुन्या वाड्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना हे दृश्य वाटीखाली झाकून आलेल्या आमटीइतके ओळखीचे वाटेल. तरी मला या मालिकेचे मोठेपण त्या जिव्हाळ्यापेक्षा त्याच्या कडेला उभ्या असलेल्या लाजेत दिसते. विधवा सन-यंगची आई गावाहून यायची असते, तेव्हा घरातील ओढगस्त लपवण्यासाठी शेजारणी आपापल्या घरातील वस्तू आणून तिचे घर भरतात. म्हातारी येते, हसून बोलते आणि निघून जाते. नंतर सन-यंगला घरात आईने ठेवलेले पैसे सापडतात. म्हातारीला सगळे दिसलेले असते. सन-यंग फोन उचलते आणि आईचा आवाज ऐकून तिला शब्दच फुटत नाही. गल्लीतील सर्वांत सधन बाई मी-रान, जिच्या तडफेला सगळे वचकून असतात, तिला पासपोर्टच्या कागदावर इंग्रजीत नाव लिहायची वेळ येते तेव्हा आपल्याला इंग्रजी येत नाही हे स्वतःच्या मुलाला सांगावे लागते. या प्रसंगांनी प्रेमकथा एक पाऊलही पुढे सरकत नाही. मालिका मात्र त्यांच्यासाठी थांबते.

हे कसे साधले, याचा मी विचार करते तेव्हा मला लेखिका ली वू-जंग आणि दिग्दर्शक शिन वोन-हो यांची पार्श्वभूमी महत्त्वाची वाटते. दोघेही नाट्यविभागातून आलेले नाहीत. केबीएस वाहिनीच्या मनोरंजनपर कार्यक्रमांत त्यांची घडण झाली. अशा कार्यक्रमात सहा-सात माणसे सतत एका चौकटीत असतात, कोणीच एकटा नायक नसतो, आणि कोपऱ्यात बसलेल्याच्या चेहऱ्यावर काय उमटले हे टिपणे हेच कामाचे कौशल्य असते. ती नजर त्यांनी कथेत आणली. पुढे 'हॉस्पिटल प्लेलिस्ट' मध्ये त्यांनी पाच डॉक्टर मित्रांभोवती रुग्णांची आणि परिचारिकांची जी दाट गर्दी उभी केली, तिच्यातही तीच नजर आहे.

दुसरे कारण मला रचनेत दिसते. कोरियन मालिका आठवड्यातून दोन दिवस लागते, तिचा एक भाग तासाभराचा किंवा त्याहून थोडा मोठा असतो, आणि अलीकडेपर्यंत सोळा किंवा वीस भागांत ती संपत असे. म्हणजे लेखकाला सुरुवातीपासून ठाऊक असे की आपल्याकडे सुमारे अठरा-वीस तास आहेत. त्याहून कमी नाहीत आणि जास्तही नाहीत. तीन मोठ्या वाहिन्यांवर तर २०२१ पर्यंत कार्यक्रमाच्या मध्ये जाहिरात दाखवायला परवानगीच नव्हती. केबल वाहिन्यांना ती मुभा आधीपासून होती, पण कोरियन मालिकालेखनाचे वळण पडले ते मोठ्या वाहिन्यांवर, अखंड तासाच्या हिशेबाने. दर दहा मिनिटांनी धक्का देण्याची गरज नसली की लेखकाला एखाद्या म्हाताऱ्याला सावकाश जिना चढू देता येतो. आपल्याकडील दैनंदिन मालिकांना हे शक्य होत नाही. आठवड्याचे सहा दिवस आणि वर्षानुवर्षे चालवायचे म्हटल्यावर दुय्यम पात्र हे कथा लांबवण्याचे साधन बनते. दूरदर्शनवर तेरा भागांच्या मालिका असत, तेव्हा मराठीतही असे नेटके काम होत होते, हे माझ्या पिढीला आठवते. आणखी एक गोष्ट म्हणजे कोरियात मालिका लेखकाच्या नावाने ओळखली जाते. नोह ही-क्यंग, किम उन-सूक, पार्क जी-उन, पार्क हे-यंग या लेखिकांची नवी मालिका येणार म्हटले की कलाकार कोण, हे पुढचे. त्यांत स्त्रियांची संख्या लक्षणीय आहे, आणि स्वयंपाकघर, आजारपण, उसनवारी यांना पडद्यावर जी जागा मिळते तिचा याच्याशी संबंध असावा, असे मला वाटते.

पार्क हे-यंग यांनी लिहिलेली आणि किम वोन-सोक यांनी दिग्दर्शित केलेली 'माय मिस्टर' ही मालिका २०१८ मध्ये आली, तेव्हा आरंभी तिच्यावर टीकाच अधिक झाली. पंचेचाळिशीचा विवाहित अभियंता आणि एकवीस वर्षांची कर्जबाजारी मुलगी, अशी जोडी पाहून लोकांनी पुढच्या गोष्टीचा अंदाज बांधला, आणि त्या मुलीला होणारी मारहाण पाहून अनेक प्रेक्षक अस्वस्थ झाले. ती अस्वस्थता मला योग्यच वाटते; पहिले दोन भाग आजही मला पाहवत नाहीत. पण मालिका जसजशी पुढे जाते, तसतसा तिचा रोख स्पष्ट होत जातो. जी-आन ही मुलगी कार्यालयात तात्पुरत्या कामावर आहे, तिथली कॉफीची पाकिटे चोरून नेते आणि रात्री तीच तिचे जेवण असते. तिला बोलता-ऐकता न येणारी आजारी आजी सांभाळायची आहे आणि आईच्या मागे राहिलेले कर्ज फेडायचे आहे. पैशांसाठी ती पार्क दोंग-हूनचा फोन चोरून ऐकू लागते, आणि त्याचे चालणे, धापा टाकणे, भावांशी वाद घालणे, एकट्याने दारू पिणे ऐकता ऐकता एका माणसाचे आयुष्य आतून ओळखू लागते. दोंग-हून इमारतींच्या मजबुतीचा अभियंता आहे. वारा, ओझे, हादरे अशा बाहेरच्या बळापेक्षा इमारतीचे आतले बळ जास्त असावे लागते, आणि माणसाचेही तसेच, हे तो तिला समजावून सांगतो.

या मालिकेतील ज्या प्रसंगाने मला सर्वांत जास्त हलवले, त्यात दोघांपैकी कोणीच अग्रभागी नाही. जी-आनची आजी वारते. अंत्यविधीला यायला तिला कोणी नातेवाईक नाहीत. तेव्हा दोंग-हूनचा थोरला भाऊ सांग-हून पुढे होतो. हा माणूस नोकरी गमावलेला, दिवाळे निघालेला, बायकोने घराबाहेर काढलेला, आईच्या घरी राहणारा आणि मालिकाभर सगळ्यांच्या चेष्टेचा विषय झालेला. जमिनीच्या आच्छादनाखाली त्याने थोडेथोडे करून पैसे लपवून साठवलेले असतात. ते सगळे तो या अनोळखी म्हातारीच्या अंत्यविधीवर खर्च करतो: फुलांची चक्रे, जेवण, सगळे रीतसर. वस्तीतील फुटबॉल खेळणारे त्याचे मित्र येतात आणि रिकामे पडलेले दालन माणसांनी भरून जाते. आपल्या हातून आयुष्यात एकदा तरी काही नीट घडावे, ही त्या पराभूत माणसाची इच्छा पूर्ण होते, आणि मालिका तिच्याकडे पूर्ण गांभीर्याने पाहते. कोरियातील २०१९ च्या बेकसांग पुरस्कारांत या मालिकेला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा आणि पटकथेचा मान मिळाला. दोंग-हूनची भूमिका करणारे ली सन-ग्युन डिसेंबर २०२३ मध्ये गेले. त्यानंतर मी ही मालिका पाहायला घेतली तेव्हा त्यांचा तो खर्जातील थकलेला आवाज ऐकून काही वेळ थांबावे लागले.

किम वोन-सोक यांचीच २०१४ ची 'मिसेंग' ही मालिका युन ते-हो यांच्या वेबटूनवर, म्हणजे इंटरनेटवरील चित्रकथेवर, आधारलेली आहे आणि ती जवळजवळ संपूर्णपणे एका व्यापारी कंपनीच्या कार्यालयात घडते. लहानपणापासून 'गो' हा पटावरचा खेळ खेळूनही व्यावसायिक खेळाडू होऊ न शकलेला जांग ग-रे तिथे कंत्राटी कामाला लागतो. सणाच्या वेळी कायम नोकरांना डबाबंद मांसाचा संच भेट मिळतो आणि त्याला खाद्यतेलाचा. एवढ्याशा प्रसंगात दोन प्रकारच्या नोकऱ्यांमधील अंतर पुरते सांगून होते. पुढे तो झटून काम करतो, वरिष्ठांची मने जिंकतो, प्रेक्षकाला वाटते की आता याची नोकरी कायम होणार. आणि ती होत नाही. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर कोरियात कंत्राटी कामगारांची जी फौज तयार झाली, तिला या मालिकेने चेहरा दिला. तो इतका खरा होता की २०१४ च्या अखेरीस सरकारने कंत्राटी कामाची मुदत दोन वर्षांवरून चार वर्षांपर्यंत वाढवण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा त्याला जांग ग-रेचेच नाव पडले, आणि अशाने देशात आणखी जांग ग-रे तयार होतील, असे म्हणत कामगार संघटनांनी त्याला विरोध केला. दूरचित्रवाणीवरील एका कारकुनाचे नाव देशाच्या कामगार धोरणाच्या चर्चेत यावे, याहून मोठी दाद मला ठाऊक नाही.

अर्थात सगळ्याच कोरियन मालिका अशा नसतात. उद्योगपतीचा उद्धट वारस आणि कष्टाळू गरीब मुलगी यांची गोष्ट २००४ च्या 'लव्हर्स इन पॅरिस' पासून 'बॉईज ओव्हर फ्लॉवर्स' आणि 'द एअर्स' पर्यंत पुन्हा पुन्हा सांगितली गेली, आणि जगभर त्यांचाच बोलबाला अधिक झाला. त्यांत नायिकेची गरिबी ही नायकाच्या औदार्यासाठी केलेली सोय असते, तिची मैत्रीण केवळ सल्ला द्यायला असते आणि घरातील नोकर केवळ दार उघडायला. मनगट धरून मुलीला ओढत नेणे हे प्रेमाचे लक्षण म्हणून कितीतरी वर्षे दाखवले गेले. अलीकडे ते कमी झाले, याचे श्रेय कोरियातील स्त्रियांनी उठवलेल्या आवाजाला आहे. या मालिकांचा मला राग नाही, पण त्यांना कोरियन मालिकांचा नमुना मानले जाते तेव्हा वाईट वाटते.

कारण त्याच काळात नोह ही-क्यंग लिहीत होत्या. २०१६ च्या 'डिअर माय फ्रेंड्स' मध्ये त्यांनी साठी-सत्तरीच्या बायकांना मुख्य भूमिका दिल्या. त्यांतील एक स्मृतिभ्रंशाकडे निघालेली आहे आणि दुसरी आयुष्यभर चिक्कू, तुसड्या नवऱ्याची सेवा करून उतारवयात घर सोडते. २०२२ च्या 'अवर ब्लूज' मध्ये तर त्यांनी मुख्य पात्र ही कल्पनाच मोडून टाकली: जेजू बेटावरील चौदा माणसे, आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक-दोन भाग. एका कथेत मागून जाणारी मासळीवाली पुढच्या कथेत मध्यभागी येते आणि आधीचा नायक तिच्या मागून गाडी हाकत जातो. पाणबुड्या कोळिणींमध्ये राहणाऱ्या यंग-ओकला सारखे फोन येत असतात आणि सगळे तिच्यावर संशय घेत असतात. ते फोन तिच्या जुळ्या बहिणीचे असतात, जिला डाउन सिंड्रोम आहे. ही भूमिका जंग उन-हे या चित्रकर्तीने केली आहे. त्यांना स्वतःलाही डाउन सिंड्रोम आहे. बहीण निघून गेल्यावर यंग-ओक तिने काढलेली स्वतःची चित्रे पाहते, तो प्रसंग मला एकट्याने पाहायचा नसतो, कोणीतरी शेजारी असावे लागते.

मालिकेच्या शेवटी दोंग-सोक आणि त्याची आई ओक-दोंग यांची कथा येते. नवरा आणि मुलगी समुद्रात मरण पावल्यावर आई नवऱ्याच्या मित्राच्या घरी दुसरी बाई म्हणून राहायला गेली आणि आपल्या मुलाला आपल्याला आई म्हणू नकोस असे सांगितले. तो आता चाळिशी ओलांडलेला फेरीवाला आहे आणि तिच्याशी बोलत नाही. ती कर्करोगाने मरणाच्या दारात आहे. तो तिला घेऊन प्रवासाला निघतो, भांडतो, ओरडतो, उत्तरे मागतो, आणि तिच्याकडे द्यायला फारशी उत्तरे नसतात. किम हे-जा यांनी ही आई जवळजवळ शब्दांशिवाय उभी केली आहे. शेवटी ती मुलासाठी सोयाबीनच्या आंबवणाची आमटी करून ठेवते आणि झोपते ती उठत नाही. तो जेवतो, मग तिच्याजवळ जातो. तिच्या वागण्याचे समर्थन लेखिका कुठेही करत नाही, आणि त्याचा राग चुकीचा होता असेही म्हणत नाही. मराठीत आईवर अमाप लिहिले गेले आहे, पण आईवर असा रोष धरून तिच्यावर इतके प्रेम करणारे लेखन मला फार थोडे आठवते.

आता एक गोष्ट लिहिणे मला भाग आहे. या मालिका ज्या वेगाने तयार होत, त्याची किंमत पडद्यामागील दुसऱ्या फळीने मोजली. प्रक्षेपण सुरू असतानाच चित्रीकरण करण्याची पद्धत कोरियात अनेक वर्षे होती. संहितेची पाने चित्रीकरणाच्या दिवशी तुकड्या-तुकड्यांनी येत, आणि प्रकाशयोजना, ध्वनी, रंगभूषा पाहणारी माणसे अपुऱ्या झोपेवर काम करीत. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये ली हान-बित या तरुण सहायक निर्मात्याने आत्महत्या केली. नोकरीला लागून त्याला वर्षही झाले नव्हते. कंत्राटी कर्मचाऱ्यांना कामावरून काढल्याचे कळवण्याचे आणि त्यांना दिलेली आगाऊ रक्कम परत घेण्याचे काम त्याच्याकडे आले होते, आणि आपण इतरांना पिळणारे झालो, ही वेदना त्याने मागे ठेवलेल्या पत्रात होती. 'रिप्लाय १९८८' आणि 'मिसेंग' ज्या वाहिनीवर लागल्या, त्याच वाहिनीच्या मालिकेवर तो काम करीत होता. कंत्राटी जांग ग-रेसाठी देश हळहळला, त्याला जेमतेम दोन वर्षे झाली होती. ली हान-बितच्या घरच्यांनी हा प्रश्न लावून धरल्यावर २०१७ मध्ये वाहिनीच्या कंपनीने जाहीर माफी मागितली, आणि २०१८ मध्ये त्याच्या नावाने माध्यमांतील कामगारांच्या हक्कांसाठी केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी कोरियात आठवड्याला जास्तीत जास्त ५२ तास कामाचा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला आणि चित्रीकरण आधी पूर्ण करण्याकडे कल वाढला. मी ज्या मालिकांवर मनापासून प्रेम करते, त्यांच्याविषयी लिहिताना हे नाव वगळणे मला शक्य नाही.

परदेशी प्रेक्षक म्हणून आणखी एका ठिकाणी माझी नजर अडते. मी दूर राहून या गल्ल्यांत मनाने वावरते. पण त्या गल्ल्यांत माझ्यासारखा दिसणारा माणूस आला, तर त्याला कोठे उभे केले जाते? 'स्क्विड गेम' मधील अली हा पाकिस्तानी कामगार साऱ्या जगाला आठवतो. मालकाने महिनोन्महिने पगार थकवलेला, कारखान्यात बोटे गमावलेला, आणि समोरच्यावर विश्वास ठेवल्यामुळे मारला जाणारा. ही भूमिका दिल्लीहून शिष्यवृत्तीवर सोलला अभिनय शिकायला गेलेल्या अनुपम त्रिपाठी यांनी केली, आणि ती इतकी सच्ची केली की तो थोडाच वेळ दिसूनही प्रेक्षक त्याच्यासाठी रडले. त्याच नटाला २०२३ च्या 'किंग द लँड' मध्ये बायकांच्या मागे लागणारा अरब राजपुत्र करावा लागला. अरब प्रेक्षकांनी नाराजी कळवली आणि वाहिनीने माफी मागितली. एक भाबडा आणि एक उथळ. त्यांच्या मधली जागा, जिथे दोंग-इल, मी-रान, सांग-हून हे सगळे राहतात, ती त्याला अजून मिळालेली नाही.

आणि आता ती जागा कोरियन माणसांसाठीही आक्रसते आहे, अशी मला भीती वाटते. ओटीटी कंपन्यांचा पैसा आला, चित्रीकरण देखणे झाले, त्याबरोबर भाग सोळावरून बारावर आणि कित्येकदा आठवर आले. आठ भागांत गुन्हा, सूड आणि रहस्य उत्तम बसते. त्यात शेजारणीच्या आईने मागे ठेवलेले पैसे बसत नाहीत. म्हणून २०२५ च्या मार्चमध्ये 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स' सोळा भागांत आली, याचा मला विशेष आनंद झाला. लिम सांग-चुन यांचे लेखन, दिग्दर्शन पुन्हा किम वोन-सोक यांचे, आणि १९५० च्या दशकापासून आजपर्यंतचे जेजू. कविता लिहू पाहणारी ए-सन आणि तिच्यावर अबोल प्रेम करणारा ग्वान-सिक यांची ही गोष्ट आहे. त्यांच्या हलाखीच्या दिवसांत घरातील तांदळाचे भांडे रिकामे व्हायला आले की त्यात तांदूळ आपोआप आलेले असतात. शेजारी राहणारे म्हातारे घरमालक आणि त्यांची बायको गुपचूप भांड्यात भर टाकत असतात. कथेला त्या जोडप्याची आणखी काही गरज नाही. तरी लेखिकेने त्यांना चेहरे दिले, आवाज दिले आणि आपल्याला त्यांच्या स्वयंपाकघरात नेले.

जेजूच्या मासळी बाजारातील चौदा जणांना नोह ही-क्यंग यांनी एकेक करून पुढे आणले. त्याच बेटाच्या बोटींवर आज इंडोनेशिया आणि व्हिएतनाममधून आलेले कामगार जाळी ओढतात, आणि कोरियातील छोट्या कारखान्यांत आणि शेतांत नेपाळ, बांगलादेश, श्रीलंकेचे तरुण परदेशी कामगारांसाठी २००४ पासून चालू असलेल्या परवान्यावर काम करतात. 'अवर ब्लूज' मध्ये जेजूची बोली कळावी म्हणून कोरियन प्रेक्षकांना सबटायटल्स वाचावी लागली होती आणि त्यांनी ती आनंदाने वाचली, तेव्हा पडद्यावर थोडे नेपाळी किंवा बांगला ऐकू आले तर त्यांना जड जाणार नाही. त्या मुलांपैकी एकाची गोष्ट कोरियातील एखाद्या चांगल्या लेखिकेने हाती घ्यावी: त्याची खोली, त्याने गावी लावलेला फोन, त्याच्या मालकिणीचे दुखणे, शेजारच्या आजोबांशी त्याचे भांडण. आणि ती आठ भागांत उरकू नये, तिला पूर्ण सोळा भाग द्यावेत.